टीव्ही-रेडिओवरची शोध पत्रकारिता, करिअर म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर किंवा रेडिओवर शोध पत्रकार व्हायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींकडून जे प्रश्न सारखे येतात ते एका जागी लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीयेत कारण विषयच तसे आहेत, काही दोन ओळींत संपतात.

रोजचा रिपोर्टर आणि शोध पत्रकार यात नेमका फरक काय? दोघंही बातम्याच देतात ना?

रोजचा रिपोर्टर जे घडलं ते सांगतो आणि ते काम अजिबात हलकं नाही. शोध पत्रकार कुणीतरी दडवून ठेवलेली गोष्ट बाहेर काढतो, म्हणजे ती बाहेर आली की कुणाचं तरी नुकसान होणार असतं आणि तो माणूस गप्प बसणार नसतो. म्हणून इथे पुराव्याशिवाय पान हलत नाही. त्यात टीव्ही असेल तर ते दाखवावं लागतं, रेडिओ असेल तर ऐकवावं लागतं. छापील बातमीत "कागदपत्रांवरून असं दिसतं" एवढं लिहून पुढे जाता येतं, इथे तो कागद स्क्रीनवर आणायचा, त्यावर सही करणारा माणूस शोधायचा, शक्य झालं तर त्याला कॅमेऱ्यासमोर बसवायचं. पण दाखवता येणं वेगळं आणि सिद्ध करता येणं वेगळं, हे मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगते. थरारक फुटेज हातात असतं आणि त्यातून काहीच सिद्ध होत नसतं असं खूप वेळा होतं. या क्षेत्रात जी माणसं वीस-पंचवीस वर्षं टिकली ती सिद्ध करण्याच्या जोरावर टिकली.

डिग्री कुठली लागते?

पत्रकारितेची असली तर चांगलं, नसली तरी अडत नाही. कायदा, अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, सायन्स यातलं एखादं नीट येत असेल तर टीममध्ये तुमची किंमत जास्त, कारण बॅलन्स शीट वाचता येणारे लोक न्यूजरूममध्ये फार कमी असतात.

थेट शोध टीममध्ये घेतात का? सुरुवात कुठून होते?

थेट घेतात असं क्वचितच होतं. बहुतेक जण रिसर्चर म्हणून येतात, मग असिस्टंट प्रोड्युसर, मग प्रोड्युसर, आणि त्यातले काही जण कॅमेऱ्यासमोर जातात. दुसरा रस्ता म्हणजे आधी कोर्ट, क्राइम किंवा आरोग्य अशा एखाद्या बीटवर रोजचं रिपोर्टिंग करायचं आणि तिथे आपली माणसं तयार करायची. मला हा दुसरा रस्ता जास्त पक्का वाटतो, कारण तिथे रोज डेडलाइन असते, रोज नावं-आकडे बरोबर द्यावे लागतात आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी तोच माणूस समोर उभा असतो.

आणि एक गैरसमज आहे तो जाऊ द्या, की स्क्रीनवर दिसणारा माणूस एकटा सगळं करतो. बर्मिंगहॅम सिक्सची केस घ्या. १९७४ च्या बॉम्बस्फोटांसाठी सहा जणांना १९७५ मध्ये जन्मठेप झाली होती, ब्रिटनमधल्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या 'वर्ल्ड इन ॲक्शन'ने १९८५ मध्ये त्यावर कार्यक्रम केला, आणि त्यामागे रिसर्च होता, शास्त्रज्ञ होते, जुने साक्षीदार शोधणं होतं. आरोपींच्या हातावर स्फोटकांचे अंश सापडले असं ज्या ग्रीस टेस्टवरून कोर्टात सांगितलं गेलं होतं ती टेस्टच त्यांनी परत करून घेतली, आणि पत्त्यांच्या कॅटसारख्या साध्या वस्तू हाताळल्या तरी तोच रिझल्ट येतो हे निघालं. ते सहा जण सुटले १४ मार्च १९९१ ला. मधली सहा वर्षं बघा, कार्यक्रम लागला आणि दुसऱ्या दिवशी न्याय मिळाला असं नव्हतं.

एका स्टोरीला किती वेळ लागतो?

काही आठवडे ते एक-दोन वर्षं, आणि बऱ्याच स्टोऱ्या मधेच सोडून द्याव्या लागतात कारण पुरावा पुरत नाही. सोडून देता येणं हा या कामाचाच भाग आहे आणि चांगला एडिटर त्याबद्दल तुम्हाला बोलत नाही.

विषय येतात कुठून? कुणीतरी फोन करून टिप देतं का?

देतात, पण टिप म्हणजे स्टोरी नाही. टिप देणाऱ्याचा बहुतेक वेळा काहीतरी हेतू असतो, भांडण असतं, प्रमोशन हुकलेलं असतं, आणि त्यात गैर काही नाही, फक्त तो हेतू आपल्याला माहीत हवा. बाकी विषय कागदांत असतात: कोर्टाचे निकाल, कंपन्यांचे ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट, टेंडर, जमिनीच्या नोंदी. बऱ्याच देशांत माहिती मागण्याचा कायदा आहे, स्वीडनमध्ये तर सरकारी कागद बघायचा हक्क १७६६ पासून आहे, अमेरिकेचा कायदा १९६६ चा, भारताचा २००५ चा. अर्ज कसा लिहायचा हे शिका, मोघम प्रश्न विचारला की मोघम उत्तर येतं, "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या तपासणी अहवालांच्या प्रती द्या" असं विचारलं की त्यांना एकतर द्यावं लागतं नाहीतर नकाराचं कारण लिहून द्यावं लागतं, आणि तो नकारही स्टोरीत कामाला येतो.

जुनं फुटेज हा सगळ्यात दुर्लक्षित खजिना आहे. ९ मार्च १९५४ ला सीबीएस या अमेरिकन चॅनलवर एडवर्ड मरो यांनी, लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थींवर जो कार्यक्रम केला त्यातला बहुतांश भाग मॅकार्थींच्याच भाषणांचा आणि चौकशांचा होता. त्या माणसाचं बोलणं त्याच्याच तोंडून ऐकवलं आणि त्याला वस्तुस्थिती लावून दाखवली. आजही अर्काइव्हमध्ये बसून कोण कधी काय बोललं याची यादी करणं हे रिसर्चरचं पहिल्या आठवड्यातलं काम असतं.

सोर्सचं नाव गुप्त ठेवायचं म्हणजे नक्की काय काय करायचं?

नाव सांगायचं नाही ही फक्त सुरुवात झाली. ब्रॉडकास्टमध्ये माणूस ओळखू येण्याचे शंभर रस्ते असतात. चेहरा ब्लर केला पण हातातली अंगठी दिसली, आवाज बदलला पण बोलण्याची लकब तीच राहिली, खिडकीतून समोरची इमारत दिसली, संपलं. आणि आवाज बदलताना नुसता पिच खाली-वर केला तर तो उलटा फिरवून मूळ आवाज काढता येतो, म्हणून चांगल्या टीम सरळ दुसऱ्या माणसाकडून तेच शब्द बोलून घेतात आणि स्क्रीनवर तसं लिहितात. ब्लर न केलेलं मूळ फुटेज कुठे ठेवलंय, एडिट सूटमध्ये कुणाकुणाला उघडता येतं, फाइलच्या नावातच सोर्सचं नाव तर नाहीये ना, हे सगळं बघावं लागतं. आणि कबूल करण्याआधी विचार करा, कोर्टाने नाव विचारलं तर तुम्ही काय करणार? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये ब्रान्झबर्ग केसमध्ये सांगितलं की ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) साक्ष देण्यापासून पत्रकाराला घटनेने सूट मिळत नाही. प्रत्येक देशात कायदा वेगळा, तुमचा तुम्हाला माहीत हवा.

सोर्सला जितकं देता येईल तितकंच वचन द्या. "तुला काही होणार नाही" हे वाक्य कधीच बोलू नका.

छुपा कॅमेरा वापरायचा का? सगळ्यांना त्याचंच आकर्षण असतं.

आकर्षण असतं खरं, आणि म्हणूनच याचं उत्तर जरा सविस्तर देते. छुपा कॅमेरा हा शेवटचा उपाय. आधी हे दाखवावं लागतं की प्रकरण लोकहिताचं आहे, गैरप्रकार होतोय याचा प्राथमिक पुरावा हातात आहे, आणि उघडपणे गेलो तर तो मिळणार नाही. "जाऊन बघू काय सापडतं" यासाठी कुठलाही जबाबदार एडिटर परवानगी देत नाही, द्यायलाही नको.

चांगलं उदाहरण बीबीसीच्या 'पॅनोरमा'चं, ३१ मे २०११ ला लागलेलं. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खासगी हॉस्पिटलात मतिमंद आणि ऑटिझम असलेल्या लोकांना मारहाण होत होती. तिथल्या एका नर्सने आधी व्यवस्थापनाला आणि नियामक संस्थेला कळवलं होतं, कुणी दखल घेतली नाही म्हणून तो पॅनोरमाकडे आला. म्हणजे टिप होती, तक्रार लेखी होती, दुसरे दरवाजे वाजवून झाले होते, मगच एक रिपोर्टर तिथे सपोर्ट वर्करची नोकरी धरून आत गेला आणि पाच आठवडे शूट करत राहिला. पुढे अकरा जण दोषी ठरले, सहा जण तुरुंगात गेले, हॉस्पिटल बंद झालं. ते फुटेज कोर्टात टिकलं.

दुसरी बाजू फूड लायनची. अमेरिकेत एबीसीच्या रिपोर्टरनी खोटा बायोडेटा देऊन या सुपरमार्केटमध्ये नोकरी मिळवली, आत शूट केलं, १९९२ मध्ये दाखवलं. कंपनीने बदनामीचा दावा केलाच नाही, तर फसवणूक आणि अनधिकृत प्रवेशाचा केला, म्हणजे दाखवलेलं खरं की खोटं हा मुद्दाच कोर्टात आला नाही, आत कसे शिरलात तेवढंच आलं. १९९७ मध्ये ज्युरीने ५५ लाख डॉलरचा दंड ठरवला, न्यायाधीशाने तो ३ लाख १५ हजारांवर आणला, १९९९ मध्ये अपील कोर्टाने २ डॉलर केला. दोन डॉलर ऐकून बरं वाटतं, पण मधली वर्षं वकिलांसोबत गेली.

आता प्रत्यक्ष कामाचं. आत जायच्या आधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी जुळवायचं आणि तो मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरून रेकॉर्ड करायचा. रेकॉर्डिंग दाराबाहेर सुरू करायचं आणि बाहेर आल्यावरच बंद करायचं, मधे तुकडे करायचे नाहीत, नाहीतर समोरचा म्हणतो की माझं अर्धं वाक्य काढून टाकलंय. बाहेर आल्याआल्या कार्ड काढून दोन कॉप्या करायच्या आणि मूळ कार्ड सील करून तारीख-वेळ टाकायची. त्याच रात्री, आठवणी ताज्या असताना, काय बघितलं ते वहीत लिहायचं, कारण बटणातल्या कॅमेऱ्यात निम्मा वेळ छत आणि खांदेच येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्याला गुन्हा करायला उचकवायचं नाही. "पैसे किती लागतील?" हे तुम्ही आधी विचारलंत तर स्टोरी तिथेच मेली.

ज्याच्यावर स्टोरी आहे त्याला आधी कळवायचं? तो सावध होऊन सगळं थांबवेल ना?

कळवायचं. आरोप नेमके काय आहेत ते लेखी पाठवायचं आणि उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा. हे उपकार म्हणून नाही, बऱ्याच वेळा त्या पत्राच्या उत्तरात असं काही येतं की आपला एखादा मुद्दा गळतो, आणि तो हवेवर जायच्या आधी गळलेला बरा. थेट दारात जाऊन माइक पुढे करणं मात्र वेगळं. पत्रं, फोन, ईमेल सगळं करून माणूस उत्तरच देत नाही तेव्हाच ते योग्य ठरतं. अचानक गाठलं की निरपराध माणूसही घाबरलेला दिसतो, त्यामुळे त्या शॉटवरून प्रेक्षक जे ठरवतो ते खरं असेलच असं नाही.

अपवाद असतात. मार्च २०१६ मध्ये स्वीडिश टीव्हीच्या टीमने आइसलँडच्या पंतप्रधानांची मुलाखत घेतली आणि मधेच त्यांच्या विंट्रिस नावाच्या परदेशी कंपनीबद्दल विचारलं, ते उठून गेले. ती मुलाखत पनामा पेपर्ससोबत (परदेशी कंपन्यांबद्दलची फुटलेली कागदपत्रं) ३ एप्रिलला दाखवली, दोन दिवसांत त्यांनी पद सोडायची तयारी दाखवली. पण लक्षात घ्या, प्रश्न विचारायच्या आधी कागद हातात होते. उत्तर काहीही आलं असतं तरी स्टोरी उभी राहिली असती.

स्क्रिप्ट तपासतात म्हणजे काय करतात?

हे बाहेरच्यांना कधी दिसत नाही म्हणून सांगते. फायनल स्क्रिप्टच्या उजव्या बाजूला एक रिकामा कॉलम असतो आणि व्हीओच्या (व्हॉइसओव्हर, म्हणजे चित्रामागून ऐकू येणारं निवेदन) प्रत्येक वाक्यासमोर त्याचा पुरावा लिहायचा असतो: कागद क्रमांक, पान, किंवा रशेसचा (न कापलेल्या मूळ फुटेजचा) टाइमकोड. मग प्रोड्युसर, एडिटर आणि वकील एका टेबलाला बसतात आणि वाक्य वाक्य वाचतात. "अधिकाऱ्यांना हे माहीत होतं" असं वाक्य आलं की वकील विचारतो, कुठल्या अधिकाऱ्याला, कधीपासून, कशावरून? तुमच्याकडे फक्त त्यांना पाठवलेलं पत्र असेल तर वाक्य होतं "अधिकाऱ्यांना कळवण्यात आलं होतं". पोच असेल तर "पत्र मिळालं होतं". त्यावर त्यांची शेरा-सही असेल तरच "माहीत होतं". असं दहा-दहा मिनिटं एका वाक्यावर चालतं, आणि नंतर चित्रावरही तेच चालतं, म्हणजे व्हीओ भ्रष्ट अधिकाऱ्यांबद्दल बोलतोय आणि स्क्रीनवर त्या ऑफिसातून बाहेर पडणारा कुणी दुसराच कर्मचारी दिसतोय, तर शब्द बरोबर असूनही त्या माणसाची बदनामी होते. टीव्हीतल्या कितीतरी केसेस अशा चुकीच्या शॉटमुळे होतात.

मोठ्या चॅनलच्या चुका होतात त्या कशामुळे?

घाईमुळे, आणि चित्राच्या मोहामुळे. वर ग्रीस टेस्ट परत करून घेतल्याचं सांगितलं, ती पण टीव्हीसाठी करून घेतलेली चाचणीच होती. त्याच्या शेजारी अमेरिकेतल्या एनबीसीच्या 'डेटलाइन'चं १९९२ चं प्रकरण ठेवा. जनरल मोटर्सच्या ट्रकची टाकी अपघातात पेट घेते का हे दाखवताना ट्रकखाली खेळण्यातल्या रॉकेटची इंजिनं लावली होती, आग लागलीच पाहिजे म्हणून, आणि प्रेक्षकांना ते सांगितलंच नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये कंपनीने दावा लावला, एनबीसीला ऑन एअर माफी मागावी लागली, न्यूज प्रेसिडेंटला जावं लागलं. त्या ट्रकबद्दलचे प्रश्न खरे होते, लोक खरंच जळून मेले होते, आणि या एका करामतीमुळे ते सगळं मागे पडलं. मला या प्रकरणाचा सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

सीबीएसचं सप्टेंबर २००४ चं प्रकरणही वाचा, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेबद्दलचे कागद दाखवले आणि ते अस्सल आहेत हे सिद्ध करता आलं नाही, कारण हातात फोटोकॉप्या होत्या, मूळ प्रत नव्हती.

आपलंच चॅनल स्टोरी थांबवू शकतं का?

हो, आणि ते सगळ्यात जास्त लागतं. १९९५ मध्ये ब्राउन अँड विल्यमसन या तंबाखू कंपनीचे माजी संशोधन प्रमुख जेफ्री वायगँड यांनी सीबीएसच्या '६० मिनिट्स'ला मुलाखत दिली, पण त्यांनी गुप्ततेच्या करारावर सही केली होती आणि तो करार मोडायला लावला म्हणून कंपनी आपल्यावर दावा करेल असं सीबीएसच्या वकिलांना वाटलं. मुलाखत अडवली, आधी अर्धवट आवृत्ती दाखवली, पूर्ण मुलाखत लागली ४ फेब्रुवारी १९९६ ला, तीही त्यांची साक्ष एका वर्तमानपत्रात छापून आल्यावर. बीबीसीच्या 'न्यूजनाइट'ने २०११ च्या शेवटी जिमी सॅव्हिल या बीबीसीच्याच प्रसिद्ध निवेदकाने केलेल्या लैंगिक अत्याचारांवरची स्टोरी सोडली आणि ३ ऑक्टोबर २०१२ ला ती आयटीव्हीने दाखवली.

असं झालं तर काय करायचं याला एकच एक उत्तर नाही. आधी कारण लेखी मागा. कायदेशीर शंका असेल तर ती दूर करता येते, पुरावा वाढवता येतो. कारणच सांगत नसतील तर मग तुम्हाला ठरवावं लागतं की तिथे राहायचं का.

जिवाला धोका असतो का?

असतो. ब्राझीलच्या टीव्ही ग्लोबोचे पत्रकार टिम लोपेस यांना जून २००२ मध्ये रिओमध्ये छुपं शूटिंग करताना पकडून मारलं. घानाचे शोध पत्रकार अनस अरेमेयाव अनस चेहऱ्यासमोर मण्यांचा पडदा घेऊनच लोकांसमोर येतात, तरी त्यांचे सहकारी अहमद हुसेन-सुआले यांना जानेवारी २०१९ मध्ये गोळ्या घातल्या, त्याच्या काही महिने आधी एका राजकारण्याने टीव्हीवर हुसेन-सुआले यांचा फोटो दाखवला होता. शूटच्या आधी लेखी रिस्क असेसमेंट, ठरलेल्या वेळी फोन आणि तो आला नाही तर कुणी काय करायचं हे आधीच ठरलेलं, एवढं तरी हवंच. एडिटर याला टाळाटाळ करत असेल तर जाऊ नका. स्टोरी नंतरही करता येते.

आणि केस झाली तर?

बरीच वर्षं जातात. ऑस्ट्रेलियात तिथल्या एबीसीच्या (फूड लायनवाली अमेरिकन एबीसी वेगळी) 'फोर कॉर्नर्स'वर ११ मे १९८७ ला ख्रिस मास्टर्स यांचा क्वीन्सलँड पोलिसांतल्या भ्रष्टाचारावरचा कार्यक्रम लागला, दुसऱ्याच दिवशी चौकशी जाहीर झाली, त्यातून पुढे पोलीस कमिशनर तुरुंगात गेले. एवढं सगळं खरं ठरूनही मास्टर्स दहा वर्षांहून जास्त काळ बदनामीच्या दाव्यांत अडकले होते. म्हणून नोकरी घेताना पगाराआधी विचारा की केस झाली तर वकिलाचा खर्च कोण देणार, आणि मी नोकरी सोडल्यावरही देणार का. फ्रीलान्सर असाल तर हे करारात लिहून घ्या.

पैसे मिळतात का?

सुरुवातीला फार नाही. शोध टीम महाग असते आणि रोज काही देत नाही, त्यामुळे कपात आली की आधी तिच्यावर येते. नाव झाल्यावर बरं चालतं.

आता सॅटेलाइट फोटो, सोशल मीडिया यावरून घरबसल्या स्टोरी करता येते म्हणतात, खरं का?

बरीचशी खरी आहे ही गोष्ट. बीबीसी आफ्रिका आयचं २०१८ चं काम बघा. दोन बायका आणि दोन लहान मुलांना सैनिक गोळ्या घालतायत असा व्हिडिओ फिरत होता, कॅमेरूनचं सरकार म्हणालं की हा आमच्याकडचा नाहीच. टीमने व्हिडिओत मागे दिसणारी डोंगराची रेघ सॅटेलाइटच्या चित्रांशी ताडून पाहिली आणि जागा सापडली, देशाच्या अगदी उत्तरेकडे झेलेवेत गावाजवळ. कुठली घरं बांधून झाली होती आणि कुठली अजून नव्हती यावरून वर्ष निघालं, चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याचा कोन काढला आणि तारीख २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ च्या मधे आणली. नंतर सात सैनिकांना अटक झाली, चौघांना २०२० मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. यातलं बरंच काम कॉम्प्युटरसमोर झालं, पण ती चिकाटी मात्र तीच जुनी, एकेक डोंगर लावून बघायची. हे शिकायला नोकरी लागत नाही. व्हायरल व्हिडिओ घ्या आणि तो कुठला, कधीचा ते स्वतः शोधा, महिनाभर हेच करत राहा.

सतत हिंसाचार, अत्याचार बघून डोक्याला त्रास होत नाही का?

होतो, आणि फक्त रिपोर्टरला नाही तर एडिटरलाही, कारण तेच फुटेज तो पुढे-मागे करून शंभर वेळा बघतो. लॉगिंग (फुटेज बघून नोंदी करणं) करताना आवाज बंद ठेवा, स्क्रीन लहान करा, रात्री उशिरा असलं काम करू नका, आणि झोप जायला लागली की टीमला सांगा. हे सांगणाऱ्याला कमजोर समजणारी टीम असेल तर टीम चुकीची आहे.

स्टोरी लागली की काम संपलं?

नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पहिले फोन सोर्सना करायचे, त्यांना कुणी त्रास देतंय का विचारायचं. मग नवीन लोक फोन करायला लागतात, "आमच्याकडेही असंच झालं" म्हणून, आणि कधी कधी खरी मोठी स्टोरी त्या फोनमधून येते. रशेस, नोटबुक, पत्रव्यवहार जपून ठेवा, नोटीस बरीच उशिरा येऊ शकते.

पहिल्या नोकरीसाठी शोरीलमध्ये (आपल्या कामाचे नमुने दाखवणारा व्हिडिओ) काय टाकू?

भारी म्युझिक लावलेलं दोन मिनिटांचं काही टाकू नका, पीटीसीचे (कॅमेऱ्याकडे बघून बोलण्याचे) दहा तुकडे तर नकोतच. एक छोटी स्टोरी पूर्ण टाका, विषय लहान असला तरी चालेल, फक्त माहिती तुम्ही स्वतः शोधलेली हवी. आणि सोबत एक पान जोडा: कुठला मुद्दा कशावरून पक्का केला, कुणाला उत्तर द्यायची संधी दिली, काय सिद्ध झालं नाही म्हणून गाळलं. मी निवडीला बसते तेव्हा ते पान आधी वाचते आणि मग व्हिडिओ लावते.